हें खंयचें?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची चौकट, बांधायला घेतली की आजी खाली पाटावर बसायची आणि एकेक जिन्नस तिच्या हातून वर जायचा. काका रानातून ओझं घेऊन यायचे. कवंडळं, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस, आणि ज्यांची नावं आता मलाही आठवत नाहीत अशी किती तरी फळं. आजी प्रत्येक फळ हातात फिरवून बघायची आणि विचारायची, "हें खंयचें?" कुळागरातलं, व्हाळापलीकडचं, अमक्याच्या भाटातलं, असं काही उत्तर मिळालं की ते वर बांधलं जायचं. एकदा मी मोठ्या हौसेने साखळीच्या बाजारातून आणलेला निरफणस पुढे केला. "बाजारातला," म्हटलं. ती म्हणाली, "बाजारांत खंयच्यान आयलो?" मला सांगता येईना. तिने तो परत दिला नाही, पण माटोळीच्या अगदी कडेला, भिंतीच्या बाजूला बांधायला लावला.

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, अकरा वर्षं रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काढली, आता महाविद्यालयात शिकवते. गेली काही वर्षं माझं वाचन एकाच विषयाभोवती फिरतं आहे. धडधाकट माणसाच्या अंगातसुद्धा असंख्य विषाणू राहतात. ते कोणते, किती, कुठे, हे शोधायच्या पद्धती कशा होत्या आणि कशा सुधारत आहेत. वाचताना पानापानावर आजीच पाटावर बसलेली दिसते. कारण या विद्येत विषाणू सापडणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. सापडलेला विषाणू कुठला, हे सांगणं कठीण आहे.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात विषाणू म्हटलं की माणसं दचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. २०१५ साली पाळी गावात माकडताप आला. काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायला रानात गेलेली माणसं गोचीड चावून आजारी पडली, पुढच्या वर्षी तो आणखी गावांत पसरला, काही जण दगावले. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळख पटलेला तो विषाणू आमच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. अशा गावात मी म्हणते, "निरोगी माणसाच्या पोटात, रक्तात, कातडीवरही विषाणू असतात," तेव्हा शेजारच्या वहिनी विचारतात, "मग औषध नको घ्यायला?" नको, वहिनी. त्यातले बहुतेक आपल्याला नाही, आपल्या आतल्या जीवाणूंना लागतात. अशा विषाणूंना फाज म्हणतात. काही आपलेच जुने भाडेकरू आहेत, आणि काही नुसते वाटेवरचे.

जीवाणू ओळखायचं एक बरं साधन आहे. प्रत्येक जीवाणूत रायबोसोम, म्हणजे प्रथिनं घडवणारं यंत्र, असतो आणि त्याच्या घडणीतलं १६एस नावाचं जनुक सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सारखं असतं. तेवढं एक वाचलं की कोण कुठल्या कुळातला ते कळतं, गोव्यात आडनावावरून मूळ गाव कळतं तसं. विषाणूंना असं सामाईक आडनावच नाही. सगळ्या विषाणूंत सापडेल असं एकही जनुक नाही. म्हणून नमुन्यात जे जे असेल त्या सगळ्याच्या जनुकीय मजकुराचे तुकडे करायचे, त्यांतली अक्षरं वाचायची, आणि मग संगणकावर बसून हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा, हे जुळवायचं. २००३ साली सान दियेगोच्या संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या डीएनए विषाणूंचं असं पहिल्यांदा वाचन केलं. त्यांच्या अंदाजाने त्या एका माणसात सुमारे १,२०० प्रकारचे विषाणू होते, आणि वाचलेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून जास्त तुकडे तोवर नोंदलेल्या कशाशीच जुळत नव्हते.

तीन वर्षांनी आलेला दुसरा निबंध मला फार जवळचा आहे. या वेळी निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू, म्हणजे ज्यांची जनुकं डीएनएऐवजी आरएनएत असतात ते, वाचले होते, आणि त्यांत बहुतेक निघाले वनस्पतींचे. सगळ्यांत जास्त होता मिरचीच्या पानांवर फिकट ठिपके पाडणारा विषाणू, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. सान दियेगो आणि सिंगापूरच्या मिळून १८ जणांना तपासलं, तर १२ जणांत तो होता. वाळलेल्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये त्याचे कण १०० कोटींपर्यंत भरले. आणि तो मेलेलाही नव्हता. विष्ठेतून वेगळा करून मिरचीच्या रोपाला लावला तर रोप आजारी पडलं. सॉस, तिखट, वाटण यांतून तो ताटात येतो, रांधण्याच्या आचेला आणि जठरातल्या आम्लाला पुरून उरतो आणि तसाच बाहेर पडतो.

हे मी वाचलं तेव्हा मे महिना होता, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायचे दिवस. आईने अंगणात चटया घालून मिरच्या वाळत टाकल्या होत्या, काणकोणाहून कोणीतरी मुद्दाम आणून दिलेली खोलची मिरची वेगळ्या सुपात होती. मी दारात उभी राहून त्या लाल अंगणाकडे बघत राहिले. मिरची ही मूळची आपली नव्हेच. अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती इथे उतरली, तंबाखूही त्याच वाटेने आला. आणि विषाणू नावाची गोष्ट माणसाला प्रथम कळली तीही तंबाखूच्या पानांवर. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्कीने रोगट पानांचा रस चिनीमातीच्या बारीक गाळणीतून गाळला. जीवाणू वर अडकले, पण गाळलेल्या रसानेही रोग झाला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायजरिंकने म्हटलं की हा जीवाणूहून निराळाच काही पदार्थ आहे. मिरचीचा हा विषाणू त्याच तंबाखूवाल्याच्या कुळातला. म्हणजे आपल्या आतड्यात संशोधकांना भेटला तो या विद्येच्या मूळपुरुषाचा भाऊबंद.

पण तो आपला म्हणायचा का? तो आपल्या एकाही पेशीत शिरत नाही. तो ताटातून आला आणि निघून गेला. माणसाच्या विषाणूंची यादी करताना त्याला आत घ्यायचं की कडेला बांधायचं? मला वाटतं, कडेलाच, पण टाकून द्यायचा नाही. कारण या वाटसरूने पुढे मोठं काम केलं. तो माणसांच्या विष्ठेत इतका नेमाने सापडतो की पाण्यात सांडपाणी मिसळलं आहे का हे ओळखायला त्याचा उपयोग होऊ लागला. कोविडच्या काळात अनेक देशांत सांडपाण्यातला कोरोनाचा विषाणू मोजताना याचंच माप शेजारी धरलं गेलं. पावसाने गटारातलं पाणी पातळ झालं तर दोघेही कमी भरणार. कोरोना एकटाच कमी झाला तर ती खरी घट. पणजीत टोंकच्या सांडपाणी प्रकल्पावरून बस जाते तेव्हा मला हे हटकून आठवतं.

आता गाळणीकडे. इव्हानोव्स्कीपासून आजपर्यंत विषाणू शोधायचे म्हणजे आधी गाळायचं. विष्ठा द्रावणात कालवून ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडायची. जीवाणू वर राहतात, विषाणू खाली येतात. पण सगळेच विषाणू लहान नसतात. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात १९९२ साली सापडलेला एक जीव इतका मोठा होता की अकरा वर्षं त्याला जीवाणू समजत होते. २००३ साली कळलं की तो विषाणू आहे, नाव पडलं मिमीव्हायरस. असे दांडगे विषाणू गाळणीच्या वरच राहतात आणि जीवाणूंबरोबर फेकले जातात. गाळल्यावर उरलेसुरले जीवाणू फोडायला क्लोरोफॉर्म वापरावा, तर ज्या विषाणूंवर चरबीचं वेष्टन असतं तेही विरघळतात. नुसता डीएनए काढावा तर आरएनएवाले सगळे गेले. माल फार थोडा म्हणून तो वाढवून घ्यावा, तर त्यासाठी पुष्कळ वर्षं वापरात असलेलं फाय-२९ हे विकर (एन्झाइम) गोल कड्यासारख्या लहान डीएनएवर घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं आणि त्याच्याच नकलांचा ढीग करतं. मग निबंधात छापून येतं की या माणसात गोल डीएनएचे विषाणू फार. ते खरंच फार होते की आपण फार केले?

यावर जी सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते ती दिसायला अगदी साधी आहे. ओळखीचे काही विषाणू मोजून एकत्र करायचे, लहान, मोठे, वेष्टनाचे, बिनवेष्टनाचे, डीएनएचे, आरएनएचे, आणि हे मिश्रण खऱ्या नमुन्यासारखंच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. शेवटी किती उरले ते बघायचं. कोण कुठल्या पायरीवर गळला ते समजतं. आपल्या पद्धतीला काय दिसत नाही, हे आधी पद्धतीलाच विचारणं झालं हे.

जे होतं ते गळणं ही एक बाजू. दुसरी बाजू जास्त फसवी आहे, नव्हतं ते सापडणं. २०१३ साली चीनमधल्या, कारण न सापडलेल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांत एक नवा विषाणू आढळल्याचं प्रसिद्ध झालं. बहुसंख्य रुग्णांत तो होता, धडधाकट माणसांत नव्हता. कोणालाही वाटावं, गुन्हेगार सापडला. त्याच सुमाराला सान फ्रान्सिस्कोच्या एका गटालाही जवळजवळ तोच विषाणू वेगवेगळ्या नमुन्यांत भेटत होता, आणि त्यांना शंका आली की इतक्या ठिकाणी हा कसा? त्यांनी माग काढत नेला तो डीएनए-आरएनए शुद्ध करायच्या लहान प्लॅस्टिकच्या नळ्यांपर्यंत. त्या नळ्यांत सिलिकाची चकती असते. विषाणू रुग्णांत नव्हताच, तो त्या चकतीत होता. आणि सिलिका जिथून येते त्या डायटम नावाच्या समुद्री शैवालात तो मूळचा असावा, असा त्यांचा अंदाज, कारण त्याच्याशी जुळणारे तुकडे समुद्राच्या पाण्यात सापडले होते. माणसाच्या यकृताचा म्हणून छापलेला विषाणू समुद्राचा असण्याची शक्यता! बाजारांत खंयच्यान आयलो, हे कोणीतरी विचारलं म्हणून कळलं.

या गोष्टीने मी हलले, त्याला माझ्या आयुष्यातलं कारण आहे. मे २०२१. गोव्यात दुसरी लाट शिगेला होती. आम्ही रात्रपाळीत आरटीपीसीआरच्या प्लेटमागून प्लेट लावत होतो. प्रत्येक प्लेटमध्ये एक एनटीसी असते, म्हणजे रुग्णाचं काहीही न घालता नुसतं पाणी घातलेली नळी. तिची पडद्यावरची रेषा शेवटपर्यंत सपाट राहायला हवी. वर गेली तर बाहेरचं काहीतरी आत शिरलं आहे. त्या रात्री अडीचच्या सुमाराला पडद्यावर एनटीसीची रेषा चौतिसाव्या फेरीला वर उचलली गेली. माझ्याबरोबरच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. तो चार रात्री झोपला नव्हता. खाली लोक निकालासाठी थांबले होते, कोणाला खाट मिळायची होती, कोणाला मयत ताब्यात घ्यायचं होतं. ती रेषा उशिरा उठली आहे, फिकट आहे, बाकीचे आकडे ठीक दिसतात, असं स्वतःला पटवणं फार सोपं होतं. आम्ही अख्खी प्लेट बाद केली. नव्वदेक माणसांचे निकाल दुसऱ्या दिवशी दुपारवर गेले. दोष एका पाण्याच्या बाटलीचा निघाला, ती नमुन्यांच्या खोलीत जाऊन परत स्वच्छ खोलीत आली होती. ती बाटली नेणारी मीच होते की दुसरं कोणी, ते आता सांगता येत नाही. त्या नव्वद जणांत एक बाई होत्या, त्यांच्या मुलाने पहाटेपासून सात वेळा फोन केला. त्याला मी काय सांगितलं असेल ते आठवत नाही, त्याचा आवाज आठवतो.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला मी मुलांना रिकामी नळी भरायला शिकवते. तीसुद्धा सगळ्या पायऱ्यांतून न्यायची, तिचाही डीएनए काढायचा, तिचंही वाचन करायचं. विष्ठेत विषाणूंचा सुकाळ असतो, तिथे बाहेरची चिमूटभर घाण खपून जाते. पण रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, कातडी, फुप्फुस यांत विषाणू इतके विरळ की अभिकर्मकातले, म्हणजे प्रयोगात घालायच्या रसायनांतले, बाटलीतले, आपल्या बोटांवरचे तुकडेच बहुमतात येतात. एका मुलीने गेल्या वर्षी विचारलं, "मॅडम, पाणी घातलं म्हणजे ती रिकामी कुठे राहिली?" मला ती मुलगी फार आवडली. मग आम्ही सगळ्यांनी वहीच्या समासात किटचा लॉट नंबर, पाण्याच्या बाटलीची तारीख आणि खोली लिहून ठेवली.

नमुना स्वच्छ, नळी रिकामी, तरी एक प्रश्न उरतोच: फाज सापडला, पण तो आतल्या कुठल्या जीवाणूचा? २०१४ साली संशोधकांनी आधीच कुणीकुणी वाचून ठेवलेले विष्ठेचे डीएनए पुन्हा संगणकावर जोडले आणि सुमारे ९७ हजार अक्षरांचा एक संपूर्ण फाज हाती आला. जोडणीच्या त्यांच्या प्रोग्रॅमच्या नावावरून त्याला क्रासफाज म्हणतात. जगभरच्या साठवलेल्या माहितीत तो तोवरच्या सगळ्या ओळखीच्या फाजांच्या बेरजेच्या सहापट होता. इतका मुबलक, आणि तोवर कोणाला दिसलाच नव्हता, कारण जुळवायला त्याच्यासारखं काही यादीत नव्हतं. तो प्रत्यक्ष जीवाणूवर वाढवून दाखवायला आयर्लंडच्या कॉर्कमधल्या गटाला २०१८ उजाडावं लागलं.

आता यजमान, म्हणजे फाज ज्या जीवाणूत वाढतो तो, शोधायच्या युक्त्या वाढल्या आहेत. जीवाणू आपल्यावर येऊन गेलेल्या फाजांचे लहान तुकडे स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात, वैऱ्याची नोंद म्हणून. त्या नोंदी वाचल्या की कोण कोणाच्या घरात शिरला होता ते समजतं. दुसरी युक्ती मला विशेष भावते. पेशी फोडायच्या आधीच फॉर्मलिनने आतलं सगळं जागच्या जागी चिकटवून टाकायचं, म्हणजे एकाच पेशीतला फाजचा आणि जीवाणूचा डीएनए एकमेकांना जोडलेलाच बाहेर येतो. फळ फांदीसकट आणावं तसं. पूर्वी शेदीडशे अक्षरांचे चुरे वाचून ते सांधावे लागत. नॅनोपोअरसारख्या यंत्रांवर आता हजारो अक्षरांचा सलग धागा वाचता येतो, पुष्कळदा एक पूर्ण फाज एकाच धाग्यात.

याद्याही वाढल्या. २०२१ साली २८ देशांतल्या २८,०६० नमुन्यांतून सुमारे १ लाख ४२ हजार आतड्यातल्या फाजांचा संग्रह झाला. मात्र असल्या याद्यांत भर पडते ती मुख्यतः युरोप, अमेरिका, चीनमधल्या पोटांची. उकड्या तांदळाची पेज, सुंगटांचं हुमण, सोलकढी यांवर वाढलेल्या पोटात कोण राहतं, ते इथलीच मुलं इथेच वाचतील तेव्हा कळेल. मला ते बघायचं आहे. त्या लॉट नंबर लिहिणाऱ्या मुलीने बघावं असं फार वाटतं.

आणि काही विषाणू खरोखरच आपले असतात. १९९७ साली जपानमध्ये रक्त घेतल्यावर यकृताचा दाह झालेल्या एका रुग्णात एक विषाणू मिळाला, त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला टीटी म्हटलं गेलं. आधी त्याच्यावर यकृताचा संशय होता. मग तो निरोगी माणसांतही मिळू लागला, आणि आज दिसतं की त्याच्या कुळातलं कोणी ना कोणी जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात असतं. शरीराची पहाऱ्याची शक्ती घटली की तो वाढतो, म्हणून अवयव बदललेल्या रुग्णांत डॉक्टर त्याचं प्रमाण पाहून अंदाज घेऊ लागले आहेत. त्याने कोणाला काही केल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही.

आजीला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नागीण झाली. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. वाड्यावरच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या, नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस राहत नाही. मी सुट्टी काढून गेले, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर देत बसले. तिसऱ्या रात्री दुखणं जरा उतरलं तेव्हा तिने विचारलं, "बाय, हें खंयच्यान आयलें गो?"

मी सांगितलं, आजी, हे आत्ता कुठूनही आलेलं नाही. तुला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या, पण तो गेला नाही. पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत निजून राहिला. आता वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, तेव्हा उठला आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर आला.

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, सात वर्षांची होते तेव्हा आल्या. मधल्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, धाकट्या भावालाही आल्या, दोघांना एकच कांबळं. त्या भावाचं नाव मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. त्याच्या आधी मामाचं लग्न होतं, तिथे एक मुलगी आली होती, अंगावर खपल्या असलेली, पण कोणी तिला खेळू नको म्हटलं नाही. दोघी दिवसभर मांडवाच्या खांबाभोवती फिरत होत्या.

"ती दोडामार्गची," आजी म्हणाली, आणि कुशीवर वळली.